चक बदलण्याआधी

एइबारमधला आमचा कारखाना
रस्त्यावरून शिरलात तर चौथ्या मजल्यावर,
नदीकडून आलात तर तीन जिने चढून.
उतारावर गाव एकावर एक रचलेलं,
आमच्या लेथखाली फेर्मिनाबाईंचं स्वयंपाकघर,
फार थरथरलं की त्या झाडूच्या दांड्याने
छत ठोकतात. आमची जमीन.

बालेंदिनमामा म्हणाला, चक गेला.
ड्रिल नाचतंय. नवा आण,
आणि आणताना डोकं ठिकाणावर ठेव.
मग तो पत्ते खेळायला गेला.

काउंटरपलीकडे सिगोर.
त्याला घाई केली की तो चष्मा पुसायला घेतो.
कोणत्या मशीनसाठी?
उभ्या ड्रिलसाठी.
मग चावीचा घे. तिन्ही भोकांतून आवळायचा,
एकाच भोकातून आवळणं म्हणजे
एकाच बाजूची तक्रार ऐकून निकाल देणं.
बिनचावीचा लेथला बरा,
भोक जितका जोर धरतं तितका तो घट्ट होतो.
पण उलटा फिरवलास की सुटतो.
माघारीच्या वाटेवर त्याचा भरवसा नाही.

सोळाचा देतोस? म्हटलं, मोठा असलेला बरा.
त्याने चष्मा काढला.
सोळाच्या चकवर लिहिलंय तीन ते सोळा.
तीनच्या खाली तो आंधळा.
शिवाय जड, शिवाय लांब,
टोक आणि टेबलामधली चार बोटं जागा
तोच खाणार. तू काय धरतेस रोज?
सहा. आठ. साडेआठ.
तेराचा ने.
आणि चकात मिलिंगचा कटर धरू नकोस,
बाजूने रेटा बसला की टेपर सुटतो,
फिरता चक मग कुणाच्या पायावर पडेल
ते तो विचारत नाही.

नवा बसवला.
डायलची सुई टेकवून स्पिंडल हाताने फिरवला.
आठ शतांश.
जुना परत लावला.
आठ शतांश.
नवा, जुना, नवा.
सुई त्याच जागी तशीच उचलायची,
जिन्यातल्या त्या एका पायरीवर
प्रत्येकाचा पाय अडखळतो तशी.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात.
इथे नाचणारे दोघेही धड होते.

दोन्ही चक बाजूला ठेवले.
फडक्याने तेल पुसलं, स्पिंडलच्या पोटात बोट घातलं
आणि हळूहळू फिरवलं.
वर, डावीकडे, तिळाएवढं काहीतरी
नखाला लागलं.

नख तिथेच राहिलं.

सतरा वर्षांची होते.
टेपर न पुसता, तेलासकट ठोकून बसवला होता,
बाविसचं ड्रिल लावलं आणि तो आतल्या आत फिरला.
असा किंचाळला की खाली बाईंचा रेडिओ बंद झाला.
मामा धावत आला. काय झालं?
मी म्हटलं, पट्टा.
त्याने पट्टा बदलला.
त्याला बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत
आमचं प्रत्येक भोक त्या तिळाभोवती
थोडं मोठं, थोडं खोटं.

हाताचा रीमर शोधला. अलगद, अर्धा फेरा,
पुसून बघितलं. पुन्हा अर्धा.
लोखंडाची पूड निघाली, चिमटीभरही नाही.
जुना चक लावला.
दोन शतांश.
नव्याला तेलकट कागदात गुंडाळून
खोक्यात ठेवला.

मामा आला. आधी खोकं बघितलं,
मग स्पिंडल, मग माझं बोट,
काळं, टोकाशी कापलेलं.
हा का नाही लावला?
म्हटलं, मामा, तेव्हा पट्टा नव्हता.

त्याने टोपी खिळ्याला अडकवली.
पट्टा कधी किंचाळतो का, म्हणाला.
चकाची चावी तारेला टांगलेली आहे की
चकातच राहिलीय, ते वाकून पाहिलं,
आणि मशीन चालू केलं.
आठचं भोक, दहाच्या पट्टीत.
कीस दोन्ही बाजूंनी सारखा, लांब, वळत वळत
जमिनीवर पडत गेला.

खालून झाडूचे दोन ठोके.